नैनितालचा उन्हाळा : टोपलीतला आणि ताटातला

मुलांच्या परीक्षा संपल्या, निकालाची धाकधूक सरली, की घराघरात सहलीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर, माथेरान झालेले असते. सिमला मागच्या वर्षी शेजारी जाऊन आलेले असतात. मग नैनिताल ठरते. तिथे काय काय करायचे, याची यादीही तयार असते : तलावात नौका, नैनादेवीचे दर्शन, स्नो व्ह्यूच्या टेकडीवरून हिमशिखरे, संध्याकाळी मॉल रोडवर फेरफटका आणि शेवटच्या दिवशी मेणबत्त्यांची खरेदी.

या यादीत खाणे कुठेच नसते. भूक लागेल तेव्हा समोर येईल ते खायचे, एवढाच त्याबाबतचा विचार. आणि मॉल रोडवर समोर येतात ते छोले-भटुरे, पनीर, नूडल्स, मोमो आणि मुलांच्या हट्टाखातर सॉफ्टी. यातले काहीही पुण्यात, नागपुरात किंवा इंदूरला घराजवळच्या चौकात मिळते. त्यासाठी दोन रात्रींचा प्रवास करून सहा हजार फुटांवर चढून जाण्याची गरज नसते.

वाईट याचे वाटते की, ज्या दिवसांत मराठी कुटुंबे तिथे जातात, नेमक्या त्याच दिवसांत तलावाभोवतीचे डोंगर वर्षातले सर्वात गमतीचे खाणे देत असतात. ते हॉटेलच्या मेनूकार्डावर छापलेले नसते. ते रस्त्याच्या कडेला, वळणावर, टोपलीत असते आणि काही काही तर जेमतेम तीन-चार आठवडेच असते. मे महिन्यात गेलेल्याला जे मिळेल, ते जूनच्या अखेरीस गेलेल्याला मिळणार नाही.

याचे कारण समजायला सोपे आहे. नैनितालचा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर आहे. खाली हल्द्वानीच्या वाटेवरचे ज्योलीकोट सुमारे १,२०० मीटरवर, भवाली साडेसोळाशेच्या आसपास. कुमाऊंतले कोणतेही फळ आधी खालच्या गावांत पिकते आणि मग आठवड्या-आठवड्याने डोंगर चढत वर येते. म्हणूनच तिथला फळवाला 'कोणते फळ' याइतकेच 'कोणत्या गावचे' हेही सांगतो. आपल्याकडे देवगड आणि रत्नागिरी म्हणतात, तसेच ते.

चार आठवड्यांचा पाहुणा

या सगळ्यांत पहिला मान काफलचा. बोराहून लहान, गडद लाल ते जांभळट, अंगावर बारीक दाणे असलेले हे फळ एप्रिलच्या उत्तरार्धात खालच्या जंगलांत पिकू लागते. मे महिना हा त्याचा खरा बहर आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याचा कारभार आटोपतो. आत मोठी बी आणि तिच्यावर रसाचा पातळसा थर. गर असा जवळजवळ नाहीच. पहिला दाणा खाल्ल्यावर नवखा माणूस म्हणतो, 'यात खायचे काय?' दहावा दाणा खाताना मात्र तो टोपलीकडे पुन्हा हात करतो. चव आंबटगोड, शेवटी किंचित तुरट. करवंद आणि जांभूळ यांच्या मधली कुठेतरी.

मराठी घरांना हे झाड अगदीच परके नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काष्ठौषधींच्या दुकानात 'कायफळ' नावाची साल मिळते. सर्दीने डोके जड झाले की तिच्या पुडीची चिमूट हुंगायला देत आणि शिंकांवर शिंका येत. ती साल याच झाडाची. संस्कृतात त्याला कट्फल म्हणतात. आजीच्या बटव्यात झाडाची साल पोहोचली, पण फळ कधीच आले नाही, कारण ते येऊ शकत नाही. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत काफल खराब होते. त्याला पेटीत भरून मुंबईच्या बाजारात पाठवणे कोणालाच जमलेले नाही.

काफलच्या बागा नसतात. हे जंगली झाड बांज, म्हणजे पहाडी ओक आणि बुरांश यांच्या सोबतीने डोंगरउतारावर वाढते. गावातल्या बायका आणि मुले पहाटे जंगलात जातात, झाडावर चढून एकेक झुबका हाताने खुडतात आणि टोपली भरून रस्त्यावर आणतात. भाव ऐकून पहिल्यांदा जरा बिचकायला होते. पण एक किलो होण्यासाठी किती दाणे खुडावे लागत असतील, याचा अंदाज केला की घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही. विकणारी वयस्कर असेल तर तिला 'आमा' म्हणावे, आणि पुरुष असेल तर 'दाज्यू', म्हणजे थोरला भाऊ. कुमाऊंत या दोन शब्दांनी बरीच दारे उघडतात आणि मापही थोडे वर येते.

काफल खाण्याची तिथली रीतही पाहण्यासारखी आहे. घरी आणलेल्या काफलला मीठ आणि मोहरीच्या तेलाचे बोट लावून जरा हलवतात आणि मग मूठमूठभर खातात. मोहरीच्या तेलाचे नाव काढताच मराठी नाक मुरडले जाते. तेव्हा नुसते मीठही चालेल. त्यातही 'पिस्यूं लूण' मिळाले तर उत्तम. मीठ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर हे पाट्यावर एकत्र वाटून केलेले हे मीठ म्हणजे आपल्या ठेच्याचे पहाडी भावंड. काकडी, आलूबुखारा, काफल, कशावरही ते चालते.

काफलची एक गोष्ट कुमाऊंतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. एका गरीब विधवेने जंगलातून टोपलीभर काफल आणले, ते लहान मुलीच्या हवाली केले आणि 'मी येईपर्यंत एकही खाऊ नकोस' असे बजावून ती कामावर गेली. मुलीने उपाशीपोटी दिवसभर राखण केली. दुपारच्या उन्हाने काफल सुकले, आक्रसले. आई परतली तेव्हा टोपली अर्धी दिसली. मुलीनेच खाल्ले असे समजून तिने रागाच्या भरात फटका मारला आणि ती पोर गेली. संध्याकाळी पाऊस आला. भिजलेले काफल पुन्हा फुगले आणि टोपली काठोकाठ भरली. आईनेही त्या दुःखात प्राण सोडला. दोघींचे पक्षी झाले. चैत्रापासून जंगलात एक पक्षी चार सुरांत ओरडतो, त्यात कुमाऊंच्या लोकांना 'काफल पिकले, पण मी चाखले नाही' असे सांगणारी मुलगी ऐकू येते. दुसरा पक्षी तिला उत्तर देतो की पुरे आहेत गं बाळा, पुरे आहेत. पावशाच्या आवाजात 'पेरते व्हा' ऐकणार्‍या मराठी शेतकर्‍याला हे नवल वाटू नये.

गोष्ट करुण आहे, पण तिच्यात बाजारहाटाचे शहाणपणही दडलेले आहे. काफल खरोखरच उन्हात आक्रसते. म्हणून ते सकाळी घ्यावे. दुपारी दोनच्या उन्हात मॉल रोडवर बसलेली टोपली ही सकाळचीच, पण सुकलेली असते. काही विक्रेते वरून पाणी शिंपडून तिला टवटवी आणतात. ते पाणी कुठले, हे कोण सांगणार? तेव्हा सकाळीच पावशेर घ्यावे, खोलीवर नेऊन पिण्याच्या पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी संपवावे. अगदी लहान मुलांना मात्र बी काढूनच द्यावे.

काफल मिळेल की नाही, हे अलीकडे फळाच्या हंगामापेक्षा आगीवर जास्त ठरू लागले आहे. उन्हाळ्यात कुमाऊंच्या जंगलांना वणवे लागतात. चीडच्या झाडांची वाळलेली सुईसारखी पाने, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, जमिनीवर जाडसर पसरलेली असतात आणि एका ठिणगीत पेटतात. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळची आग इतकी पसरली की हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. भीमतालच्या तलावातून पाणी भरून ती डोंगरावर ओतत होती. वणव्याचे दिवस आणि काफल पिकण्याचे दिवस एकच. ज्या बाईचे मे महिन्यातले उत्पन्न डोंगरावरच्या दहा-बारा झाडांवर अवलंबून आहे, तिला त्या वर्षी दुसरे झाड लावून भागत नाही. कारण काफल वाढायला वर्षानुवर्षे लागतात. सहलीच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून विडी-सिगारेटचे थोटूक फेकणार्‍यांना हे कळले तर बरे होईल.

काफलच्या जोडीला याच दिवसांत हिसालू असते. काटेरी झुडपावर येणारे, पिवळ्या-केशरी मण्यांचा घोस असावा तसे दिसणारे हे रानफळ तोंडात टाकताच विरघळते. ते इतके नाजूक की सकाळी तोडलेले संध्याकाळी ओळखू येत नाही. त्यामुळे विकायला क्वचितच येते. भवाली किंवा रामगढच्या वाटेवर पायी फिरताना शाळकरी मुले कडेच्या झुडपांत हात घालताना दिसली, तर समजावे की हिसालू पिकले आहे. त्या मुलांना विचारूनच खावे. ओळख नसलेल्या झुडपावरचे फळ आपण होऊन तोडून खाण्याचे धाडस कोणत्याच डोंगरात करू नये.

भवालीची फळबाजारपेठ

नैनितालपासून ११ किलोमीटरवरचे भवाली हे गाव बहुतेक पर्यटक गाडीतूनच पाहतात. खरे तर एक सकाळ तिथे द्यावी. अल्मोडा, रामगढ, मुक्तेश्वर आणि भीमतालकडचे रस्ते इथे एकत्र येतात आणि त्यांच्याबरोबर त्या सगळ्या पट्ट्यातली फळेही. मेच्या मध्यापासून आलूबुखारा येतो. स्थानिक लोक त्याला 'पुलम' म्हणतात, इंग्रजी नावाचाच हा पहाडी अवतार. त्यामागोमाग खुबानी, म्हणजे ताजे जर्दाळू. सुका जर्दाळू आपल्या परिचयाचा, पण ताजा, मऊ, गालावर लाली चढलेला जर्दाळू ज्याने खाल्ला नाही, त्याने सुक्यावरून मत बनवू नये. जूनमध्ये आडू, म्हणजे पीच, भरात असतो. रामगढच्या आडूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी खालच्या रामनगरच्या लिचीलाही ते मिळाले आणि गंमत म्हणजे नैनितालच्या मेणबत्तीलाही. रामनगरची लिची जूनमध्ये नैनितालच्या बाजारात येते, पण ती पायथ्याच्या उष्ण प्रदेशातली, डोंगराची नव्हे.

आडू घेताना रंगावर भुलू नये. लाल गाल हा उन्हाचा खेळ असतो. देठाजवळचा भाग हिरवा राहिला असेल तर फळ कच्चे. तो पिवळसर झाला असेल आणि नाकाशी धरताच गोड वास आला तर पिकलेले. आलूबुखारा अंगठ्याने दाबून पाहू नये. त्याने विकणारा चिडतो आणि फळ डागाळते. सालीवर पांढरट राखेसारखा थर दिसतो तो औषधाचा नव्हे, फळाचा स्वतःचा असतो आणि तो शाबूत असला तर फळ फारसे हाताळलेले नाही असे समजावे. अर्थात धुवायचे ते धुवायचेच. आणि फळे कितीही मोहात पाडणारी असली तरी पहिल्याच दिवशी रिकाम्या पोटी अर्धा किलो आलूबुखारे खाऊन दुसर्‍या दिवशीची सहल गमावणारे पाहुणे दर मोसमात असतातच.

सफरचंदांचे काय? रामगढ आणि मुक्तेश्वर म्हटले की सफरचंदेच आठवतात, आणि मॉल रोडवर मे महिन्यातही ती रचलेली दिसतात. पण तिथल्या बहुतेक जाती जुलै-ऑगस्टमध्ये तयार होतात. मेमध्ये दिसणारे चकचकीत सफरचंद हे शीतगृहातले, बहुधा दुसर्‍याच प्रांतातले किंवा परदेशातले असते. 'इथलेच, ताजे' असे कोणी म्हणाले तर हसून पुढे जावे.

पुढेही ही सफरचंदे रामगढला मिळत राहतील का, हा मात्र हसण्याचा विषय नाही. सफरचंदाच्या जुन्या, नावाजलेल्या जातींना हिवाळ्यात साधारण ८०० ते १,२०० तास सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. तेवढी झोप मिळाली नाही तर झाड वसंतात नीट फुलत नाही. अलीकडचे हिवाळे उबदार आणि कोरडे जाऊ लागल्यामुळे कमी उंचीवरच्या बागांमधून सफरचंद मागे हटते आहे. आडू आणि आलूबुखार्‍याला थंडी कमी पुरते, म्हणून काही बागाईतदार त्यांच्याकडे वळले आहेत. काहींनी मात्र वेगळा मार्ग धरला. बाग विकली. जिथे फुलोरा असे तिथे आता 'माउंटन व्ह्यू'च्या पाट्या लावलेल्या कॉटेजेस आहेत. पर्यटकाला फुललेली बाग पाहायची असते आणि त्याच्याच राहण्यासाठी ती तोडली जाते. यात कोणा एकाला दोष देणे सोपे नाही. वर्षभर राबून फळांच्या पेट्यांचे जे पैसे हातात येतात आणि जमिनीचे जे मिळतात, त्यांची तुलना करणारा शेतकरी वेडा नसतो. पण रस्त्यावरच्या शेतकर्‍याकडून दोन किलो आडू त्याच्या भावाने घेणे, एवढे तरी पाहुण्याच्या हातात असते.

राईचा झटका

फळांवरून ताटाकडे वळले की पहिले नाव येते ते आलूच्या गुटक्यांचे. नैनितालहून भवालीमार्गे अल्मोड्याकडे जाताना गरमपानी आणि खैरना ही ठिकाणे लागतात. तिथल्या टपर्‍यांवर गाड्या थांबतात त्या याच्यासाठी : गुटके, पकोडे आणि काकडीचे रायते. गुटके म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी मोहरीच्या तेलात जिरे, हिंग, धणेपूड, हळद आणि तिखट यांच्यावर खमंग परतलेल्या. वरून तळलेली अख्खी लाल मिरची. आपल्या बटाट्याच्या भाजीसारख्या त्या मऊ मोडत नाहीत. कडा कुरकुरीत राहतात. ज्या घरी 'जंबू' असेल तिथे फोडणीला ती हिमालयातली वाळवलेली कांद्याच्या जातीची पाने पडतात आणि वास सगळ्या आळीत जातो.

सोबत भांगेची चटणी असते. या नावाने घाबरून ताट मागे सारणारे बरेच असतात. ती भांगेच्या भाजलेल्या बियांची असते, जिरे, हिरवी मिरची, पुदिना आणि लिंबू घालून वाटलेली. बियांनी नशा येत नाही. चव तीळ आणि जवस यांच्या मधली; जवसाची चटणी आवडणार्‍या विदर्भवासीयांना ती पहिल्या घासातच आपली वाटेल.

पण खरी मजा रायत्याची. पानात वाढलेले पिवळसर रायते पाहून ती काकडीची कोशिंबीर आहे असे समजून पाहुणा मोठा घास घेतो आणि दुसर्‍या क्षणी त्याच्या नाकातून झिणझिण्या निघून डोळ्यांत पाणी येते. त्यात राई वाटून घातलेली असते. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात, तेव्हा नाकाला लागतो तोच हा झटका. मोहरी फेसणार्‍या आजीचे घर असेल, तर हे रायते घरी करणे मुळीच अवघड नाही. दोन मध्यम काकड्या किसून हलक्या हाताने पिळाव्यात. दोन वाट्या घट्ट दही घुसळून त्यात मीठ, पाव चमचा हळद, वाटलेल्या दोन हिरव्या मिरच्या आणि एक लहान चमचा बारीक राई ताजी वाटून घालावी. त्यात काकडी मिसळून भांडे तासभर झाकून ठेवावे. राई चढायला हा तास लागतोच, लगेच वाढले तर नुसते दही-काकडी लागते. फोडणीची गरज नाही. मुलांसाठी आधीच थोडे बाजूला काढावे.

एक गोष्ट जाता जाता. ज्या थोराड, पिवळट पहाडी काकडीचे हे रायते मुळात असते, ती पावसाळ्यात येते. मे-जूनमध्ये टपरीवर वापरतात ती मैदानातून आलेली नेहमीची काकडी. तेच कणसांचे. तलावाच्या काठावर निखार्‍यावर भाजून लिंबू-मीठ लावलेले कणीस छान लागते यात वाद नाही, पण उन्हाळ्यात ते खालून ट्रकने आलेले असते. डोंगरातले कणीस श्रावणाच्या सुमारास.

भाजीबाजारात मात्र या दिवसांत एक अस्सल मोसमी वस्तू असते. मल्लीतालच्या मंडईत जुड्या बांधून ठेवलेले, टोकाला घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले हिरवे कोंब दिसले तर ते लिंगुडा. ओलसर ओढ्याकाठी उगवणार्‍या नेच्याचे हे कोवळे कोंब. वरची लव पुसून, धुऊन, चिरून नीट शिजवून त्याची सुकी भाजी करतात. पहिल्या पावसात टाकळा-कुर्डूची वाट पाहणार्‍या माणसाला ती आवडावी. हॉटेलात ती मिळण्याचा संभव कमी. आसपासच्या गावांतून घरगुती राहण्याची सोय असलेल्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी सांगितले तर लिंगुडा, झोली-भात म्हणजे ताकाच्या कढीचा पहाडी प्रकार आणि झंगोर्‍याची खीर असे साधे जेवण करून वाढतात. झंगोरा हा आपल्या भगरीच्या जातीचाच दाणा, त्यामुळे एकादशी आली तरी खिरीची काळजी नाही. मडुव्याची भाकरी मागणार्‍यांना मात्र घरच्या बाया हसतात. मडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. ही दोन्ही त्यांच्या लेखी थंडीतली पोषणाची धान्ये. आपण उन्हाळ्यात थंडाव्याला नाचणीची आंबील पितो, हे ऐकून हसण्याची पाळी त्यांची की आपली, हे ठरवणे कठीण आहे.

याच वाटेवर कैंचीधाम लागते. १९६४ साली नीम करोली बाबांनी स्थापन केलेल्या या आश्रमात दर १५ जूनला मोठा मेळा भरतो आणि मालपुव्यांचा प्रसाद वाटला जातो. त्या दिवशी रस्त्यावर माणसांचा आणि वाहनांचा इतका लोंढा असतो की भवालीपुढे गाडी न्यायचे नावच काढू नये. प्रसादासाठी जायचे असेल तर तेवढ्याच तयारीने जावे. नाहीतर अल्मोड्याची सहल दुसर्‍या दिवशी ठेवावी.

गोड आणि लाल

नैनितालच्या प्रत्येक मिठाईच्या दुकानात बालमिठाई असते, पण तिचे माहेर अल्मोडा. खवा तांबूस-काळसर होईपर्यंत भाजून त्याच्या वड्या पाडतात आणि वर पांढर्‍या साखरेचे बारीक दाणे चिकटवतात. मुलांना ती चॉकलेट वाटते. दुसरी सिंगोडी : मऊ खवा मालूच्या हिरव्या पानाच्या शंकूत भरलेला. पानाचा वास खव्यात उतरतो, जसा आपल्या पातोळ्यांमध्ये हळदीच्या पानाचा. उन्हाळ्यात खव्याचे पदार्थ नेहमी त्याच दिवशी केलेले मागावेत, आणि सिंगोडी तर तिथेच उभे राहून खावी.

बुरांशच्या लाल सरबताच्या बाटल्या सगळीकडे दिसतात. बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान डोंगर त्याच्या फुलांनी लाल होतात आणि तेव्हाच फुलांचा रस काढून ठेवतात. म्हणजे उन्हाळी पाहुण्याला ताजी फुले नाहीत, बाटलीच मिळणार. ती घेताना लेबलावर फुलांच्या रसाचे प्रमाण आणि रंगाचा उल्लेख वाचून घ्यावा. चांगल्या सरबताला शेवटी थोडी तुरट चव असते. नुसताच गोड, भडक लाल द्राव लागला तर तो साखर आणि रंग. हल्ली बुरांश कधीकधी जानेवारीतच फुलू लागला आहे. सफरचंदाच्या झाडांना जे जाणवते आहे, तेच यालाही.

तलावाचे पाणी

नैनितालमध्ये जे काही शिजते, धुतले जाते आणि प्यायले जाते, त्याचा मोठा भाग त्या तलावाच्या पाण्यावर चालतो. शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः त्याच्यावर आहे. तलावाची पातळी एका मोजपट्टीवर नोंदली जाते. तिच्यावरचे शून्य म्हणजे तलावाचा तळ नव्हे, तर धोक्याची खूण. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी त्या शून्याच्याही खाली गेले आणि काठाचा गाळ उघडा पडला. पाऊस कमी, भोवतीच्या सूखातालसारख्या पाणी मुरवणार्‍या जागांवर बांधकामे, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत पाहुण्यांची गर्दी, अशी ही तिहेरी ओढ. खोलीत नळाला पाणी ठरावीक वेळीच आले तर व्यवस्थापकाशी भांडण्यापूर्वी खिडकीतून तलावाकडे एकदा पाहावे.

काठावरून माशांना ब्रेडचे तुकडे टाकण्याची हौस मुलांना असते आणि आई-वडील कौतुकाने फोटो काढतात. ब्रेड माशांचे अन्न नाही. न खाल्लेला ब्रेड पाण्यात कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी करतो. मुलांच्या हातात ब्रेडऐवजी काफलचा पुडा द्यावा आणि बिया कागदात जमा करून कचराकुंडीत टाकायला सांगावे.

बरोबर न्यायचे काय

परतीच्या दिवशी हा प्रश्न पडतोच. काठगोदामचे स्टेशन सुमारे ३५ किलोमीटर खाली. तिथून रात्रभर दिल्ली आणि पुढे महाराष्ट्रात यायचे तर आणखी एक दिवस. एवढ्या प्रवासात टिकतील असे आलूबुखारे आणि आडू घट्ट, किंचित कच्चे घ्यावेत, दोन थरांमध्ये वर्तमानपत्र घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावेत आणि खोके बर्थखाली न ठेवता हवेशीर जागी ठेवावे. खुबानी फार नाजूक. तिचा हव्यास नको, त्यापेक्षा बायकांच्या बचतगटांनी केलेला मुरंबा किंवा चटणी न्यावी. पिस्यूं लूणही आता बाटलीत मिळते. उतरताना ज्योलीकोटला मध घेता येतो. तिथे मधमाशापालनाचे सरकारी केंद्र आहे आणि आसपासच्या गावांत पेट्या ठेवणारी बरीच घरे आहेत. बालमिठाई वातानुकूलित डब्यात तीन-चार दिवस टिकते, साध्या डब्यात तेवढी नाही.

काफल मात्र काठगोदामच्या फलाटावर गाडी सुटण्यापूर्वीच संपवलेले बरे. दिल्ली येईपर्यंत पुड्यात बिया आणि लाल पाणी एवढेच उरते.